कोंढेगव्हाणची टेकडी आणि सोमवारच्या शाली

मंडळी, एक सांगा — देव कुणाचं ऐकतो? जो हाक मारतो त्याचं! बरोबर. आणि सरकार कुणाचं ऐकतं? का हो, आता का गप्प? मग ऐका!

कोंढेगव्हाण नावाचं गाव. गावाला टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी अंगणवाडी, आणि अंगणवाडीत यमुनाबाई खरसडे — तेवीस पोरं सांभाळणारी बाई! क्रशरवाल्यांच्या संघानं ठरवलं, ही टेकडी फोडायची, खडी करायची. धूळ कुठं जाणार? पोरांच्या छातीत! यमुनाबाई निघाल्या थेट मंत्र्यांकडे.

मंत्री भुजंगराव नाईकनवरे. माणूस वाईट नव्हे हो! देवभोळा, मऊ. खोड एकच — शाल दिसली की मान आपोआप वाकायची! संघाचे अकरा जण दर सोमवारी हजर. शाल, नारळ, आणि "साहेब, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत!" शालींची एवढी चळत झाली, की वहिनीसाहेबांनी त्यांच्या दुलया शिवल्या!

यमुनाबाईंना मात्र साहेबांचा सहायक दारातच अडवी. "संघटना कोणती? लेटरहेड आहे?"

"संघटना नाही दादा. गाव आहे."

"गावाला आज वेळ नाही. पुढच्या सोमवारी या."

असे दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी बाईंनी काय केलं? संघाचे अकरा आत निघाले — बाई पदर खोचून बाराव्या! सहायकाला वाटलं, ह्याही खडीवाल्याच!

आत परवानगीचा कागद तयार. लिहिला कुणी? संघानंच! टाइप करून, सहीच्या जागी फुली मारून. साहेबांना कष्ट नकोत ना! भुजंगरावांनी पेन काढलं, मोठ्यानं वाचू लागले — "पायथ्याचा परिसर निर्जन असल्याने..."

"निर्जन?" मागून आवाज आला. "मग मी कोण हो साहेब? हडळ? आणि माझी तेवीस पोरं काय भुतावळ?"

संघाचे अध्यक्ष गडबडले. "अहो बाई, तो सरकारी शब्द आहे..."

"अंगणवाडीही सरकारीच! मग या की, पोरांचा सरकारी शेंबूड पुसायला!"

भुजंगरावांनाच हसू फुटलं. मग हळूहळू ओशाळले. पेनाला टोपण लावलं. "ताई, आधी टेकडी बघतो. मगच सही."

आणि गेले हो! पोरांच्या पंगतीत मांडी घालून खिचडी खाल्ली, आणि तिथंच कागद फाडला.

थांबा, टाळ्या नकोत! आणि संघाला शिव्याही नकोत. खोटं लिहिलं, ते चुकलंच. पण नेमानं दारी जाणं, अकरा जणांनी एका तोंडानं बोलणं — ही तर आपली वारकऱ्यांची विद्या! ती त्यांनी उचलली, आपण विसरलो. बाई त्या दारात एकटी उभी होती, तेव्हा गाव कुठं होतं? सांगू? कीर्तनाला! "पांडुरंगा, टेकडी वाचव" म्हणत टाळ कुटत बसलं होतं! आणि पांडुरंग कपाळाला हात लावून म्हणत होता — "अरे, त्या बाईला मीच पाठवलंय. एक जण तरी तिच्यासोबत जा की रे!"