छबुबाईच्या वर्साला पळसाचं पान

…आन् वर मलाच इचारत्यात, "तात्या, पानासाठी एवढं कावून फिरताय?" कावून म्हंजी? का फिरू नये? बायकोचं वर्षश्राद्ध हाय, मानसं जेवायला बसणार, त्यायला काय तळहातावर वाढू? एक पान पायजे हुतं ओ मला, पळसाचं, काडीनं टाचलेलं साधं पान! तुमाला सांगतो, ह्या बीड जिल्ह्यात सोनं मिळतंय, ट्रॅक्टर मिळतोय, भर दुष्काळात बर्फाचा गोळा मिळतोय, निवडणुकीला उभं ऱ्हायला तर मागाल तेवढी मानसं मिळत्यात… पान मिळत न्हाई!

आता तुमी म्हनताल, राधाकिशन, पानाचाच हट्ट कशाला? तर ऐका. माही बायको छबुबाई गेल्या चैतात गेली. ताप काय आला, जीपमदी घालून बीडच्या दवाखान्यात काय नेली, आन् मी एकटाच परत काय आलो… जाऊ द्या. तर तिची एक गाय हुती, चंद्री. तिची म्हंजी तिचीच, माह्याकडं त्या गायीनं कधी मान वळवून बघितलं न्हाई. दुष्काळात कडबा संपला, आन् नेमकी तवाच आमच्या गावच्या सोसायटीची निवडणूक झाली, आप्पाराव पुन्हा चेरमन झाले, त्यायनी सोसायटीच्या गोदामामागं जंगी जेवण दिलं, थरमाकोलच्या चकचकीत ताटात! मानसं जेवली, ढेकर देऊन गेली, ताटं तिथंच. आता उपाशी जनावर, ताटाला आमटीचा वास, त्येनं काय करावं? खाल्ली ना! आमटीबी खाल्ली आन् ताटंबी खाल्ली. पोट ह्ये एवढं फुगलं, डाक्टर आला, मान हालवून गेला, गाय आडवी झाली ती झालीच.

त्या दिवशी छबुबाईनं चूल पेटवली न्हाई. मला म्हनली, "आवं, ऐका. उद्या मी मेले आन् माह्या नावानं जेवू घातलं, तर पानावर घाला. त्या चकाकत्या ताटावर घालताल तर त्या अन्नाला मी शिवायची न्हाई." मी हासलो! म्हनलं, "येडे, तुझ्याआधी मी जाणार, तुलाच शोधावी लागतील पानं." समद्या संसारात मीच पुढं चालायचो आन् ती मागून यायची, नेमकी ह्या एका कामाला पुढं पळाली.

मग पयलं सोसायटीत गेलतो. कावून, तर सोसायटीकडं सभासदायसाठी स्टीलच्या ताटायचा सेट हाय. म्हनलं पान गावलं तर बरंच, न्हाई तर स्टील तरी. आप्पाराव खुर्चीत बसल्या बसल्या म्हनले, "राधाकिशन, ताटं तुमचीच हायती, न्या की! फकस्त नियमानं धुऊन, पुसून परत द्यायची." म्हनलं, "चेरमनसाहेब, टँकर आठवड्याला येतोय, त्येबी आला तर. प्यायला पाणी न्हाई, ताटं कशानं धुवू?" तर म्हनले, "मग ती वापरून टाकायची घ्या ना, पाणीच लागत न्हाई! पाणी वाचवा, राष्ट्र वाचवा!" घ्या! गाय मेली त्या ताटानं, आन् राष्ट्र वाचतंय बी त्याच ताटानं! मी म्हनलं, "पानालाबी पाणी लागत न्हाई." तर म्हनले, "मग पान शोधा." एक पान ओ, नुसतं पान!

गेलो मग बायनाबाईकडं. बायनाबाई म्हंजी वेशीजवळची म्हातारी, अख्ख्या गावाच्या लग्नायच्या पत्रावळी तिच्या हातच्या. वट्ट्यावर बसली हुती, रिकामीच. म्हनलं, "बायनाबाई, छबीच्या वर्साला पत्रावळी टाचून दे." म्हनली, "हात देते. पानं आण." म्हनलं, "डोंगराच्या अंगाला एवढा पळस हुता की!" तर माह्याकडं अशी बघायली जसं मीच खुळा. "हुता. तोडला न्हाई का सोसायटीनं?" म्हनलं, "कावून तोडला?" "वृक्षारोपणाला!"

खरं सांगतो, मी डोळ्यानं बघून आलो. पळस तोडून जागा साफ केली, खड्डे घेतले, कुठली तरी फुलायची रोपटी लावली, पाव्हणे आले, फोटू झाले, नारळ फुटला, आन् पाणी घालायला कोन? दुष्काळानं रोपटी वाळली, शेळ्यायनी काड्या खाल्ल्या, आन् ऱ्हायल्या काय, तर रोपट्याभवतीच्या पलॅस्टिकच्या हिरव्या जाळ्या. ओळीनं उभ्या. लांबून बघितलं तर वाटतंय काय झाडी हाय! मी तिथं जाळ्यायमधी उभा ऱ्हाऊन म्हनलं, "छबे, आता मी काय टाचू, सांग बरं?"

मग बीड गाठलं. मोंढ्यात दुकान धुंडलं, दुकानदार लई गोड माणूस, "या काका, बसा काका, पत्रावळी? एकदम ओरिजनल!" आन् बंडल माह्या मांडीवर ठिवलं. बघतो तर काय, हिरवीगार पानं, शिरा दिसायल्या, काड्यासुदिक दिसायल्या! म्हनलं, गावलं एकदाचं! हात फिरवला तर… गुळगुळीत! कागद, वरून पलॅस्टिक, आन् त्याच्यावर पानाचा फोटू! म्हनलं, "ह्यो फोटू हाय ओ!" तर म्हनला, "काका, फोटू ओरिजनल पानाचाच हाय." थरमाकोलबी हुतं त्याच्याकडं, त्येला बंदी हाय म्हनत्यात, बंदी असल्यामुळं फकस्त आतल्या खोलीतून काढून दिलं, एवढाच फरक. मी बंडल परत दिलं. मला पान पायजे हुतं ओ, पानाचा फोटू माह्याकडं कशाला, घरात एक फोटू लावलेला हाय की हार घालून, तेवढाच लई झाला.

घरी आलो तर पुतण्या सुग्रीव म्हनला, "तात्या, तुमी उगं पायाला भिंगरी लावली, आता समदं मोबाईलवर मिळतंय. इको-फ्रेंडली म्हनून टाकायचं." टाकलं. आरं बापरे! केवढं दुकान उघडलं त्या काचंत! बांबूचा बुरूश, मातीचा तांब्या, नारळाची वाटी, आन् एक घासणी… नीट बघितलं तर घोसाळ्याची जाळी! वाळलेलं घोसाळं ओ! आमच्या छपरावर सुकून पडायचं, छबुबाई त्यानंच माही पाठ घासायची, तिथं ते एखाद्या नवरदेवासारखं फोटूत बसलेलं, खाली लिहिलंय निसर्गाकडं चला. म्हनलं, "सुग्रीवा, आमी निसर्गातच हावोत, त्येनंच मारलंय आमाला, पुढं चल." मग सापडल्या. सुपारीच्या झाडाच्या ताटल्या. पळस न्हाई, पर झाडाचं तरी! कुठल्या तर पार कर्नाटकाच्या. म्हनलं मागव. छबी आयुष्यात पैठणच्या पुढं गेली न्हाई, तिचं पान कर्नाटकातून येऊ द्या.

पारसल आलं. लिंबागणेशाच्या फाट्यावरून डोक्यावर घेऊन आलो, कोणाला हात लावू दिला न्हाई. घरी आणून उघडलं. वर पलॅस्टिक. ते फाडलं, खाली खोकं. खोक्याला चिकटपट्टी, अशी गुंडाळलेली की इळ्यानं कापली. आत थरमाकोल. थरमाकोल काढलं, तर ते फुग्याफुग्याचं पलॅस्टिक, सुग्रीव फट् फट् वाजवत बसला. ते काढलं, तर ताटल्यायची एकेक चवड पुन्हा पलॅस्टिकच्या पिशवीत! चिठ्ठी निघाली, धरणीमातेची काळजी घेतल्याबद्दल तुमचे आभार! तुमाला सांगतो, ताटल्या एका बाजूला आन् पलॅस्टिकचा ढीग दुसऱ्या बाजूला, आन् ढीग मोठा! भिंतीवरच्या फोटूकडं बघायची माही हिंमत झाली न्हाई. म्हनलं, झालं. आता ती शिवत न्हाई.

आन् तसंच झालं ओ! वर्साच्या दिवशी, येसराची आमटी, भात, लापशी, तिला आवडती ती शेंगदाण्याची चटणी, समदं त्या ताटलीत वाढून निवद माळवदावर ठिवला. कावळा न्हाई. वाट बघायलो. न्हाई. एक आला, लिंबाच्या फांदीवर बसला, वाकून बघितलं, उडून गेला! भावकीतले आश्रुबा वर तोंड करून वरडले, "छबुबाई, राधाकिशनाला आमी सांभाळूत, काळजी करू नगं!" न्हाई. धाकट्या भावाची बायको, अंजना, ती म्हनली, "बाई, तुमची तुळस मी जगवीन!" न्हाई. मी हात जोडले. म्हनलं, "छबे, पान मिळालं न्हाई. लई फिरलो. पळसच न्हाई ऱ्हायला ग. त्या पलॅस्टिकचं पाप माहं, तू उपाशी जाऊ नगं." न्हाई म्हंजी न्हाई. मग ऊन डोक्यावर आलं, लेकरं रडायला लागली, आश्रुबा म्हनले, "बसवा पंगत, तिची समजूत नंतर काढू."

पंगत बसली. जेवायचं सोडून जो तो ताटली वाजवून बघतोय. "ताट हाय का पाट हाय बे?" "आमटी गळत कावून न्हाई?" जेवणं झाली. मी म्हनलं, "आता ह्या द्या उकिरड्यात टाकून, मातीत जिरत्यात." तर सगळ्या बाया माह्याकडं बघायल्या! अंजना म्हनली, "दादा, डोकं ठिकाणावर हाय का? एवढं चांगलं ताट टाकायचं? अन्नाचं भांडं हाय ते, धुऊन दिल्याबिगर उठता येतंय का पंगतीतून?" झालं! सोसायटीच्या ताटायची सवय ना, धुऊन, पुसून परत! पदर खोचले, राख घेतली, आन् माह्या दारातल्या टाकीचं झाकण काढलं! मी वरडतोय, "आरं, पाणी वाचवायला आणलेल्या हायती त्या! ते प्यायचं पाणी हाय! टँकर कवा येईल म्हाईत न्हाई!" कोन ऐकतंय? खसाखसा, खसाखसा… आठवडाभराचं पाणी अंगणातून वघळीला लागलं.

आन् तवाच तो कावळा आला.

पयला वघळीवर उतरला, पाणी प्याला, मान वर करून प्याला, मग उडाला आन् सरळ माळवदावर. निवदाला चोच! समदे वरडले, "शिवला! शिवला! ताटल्या धुतल्या म्हनून बाई खूष झाल्या!" सुग्रीव हळूच म्हनला, "तात्या, तानेला हुता त्यो, उन्हाचा." असंल बाबा. असंल बी. पर मला तर तीच दिसली. ताटल्या घासायला तीच बसली असती ओ सगळ्यायच्या पुढं, मी वरडलो असतो आन् तिनं ऐकलं नसतं, "आवं, सरका तिकडं, चांगली वस्तू टाकायचं नाव काढू नका!" मी सगळ्या पंगतीसमोर रडलो. एक वरीस रडलो न्हवतो, त्या वघळीत पाय देऊन रडलो.

संध्याकाळी ताटल्या सुकवून, पुसून, मोजून माह्या वट्ट्यावर चवडी लावून ठिवल्या बायायनी. एकबी कमी न्हाई. आप्पाराव चेरमन आले, एक ताटली उचलून नखानं टकटक केलं, म्हनले, "राधाकिशन, सोसायटीत जमा करून टाका, भाड्यानं दिऊ." म्हनलं, "ऱ्हाऊ द्या चेरमनसाहेब." मानसं गेली. मी एक ताटली घिऊन चुलीपाशी बसलो, सवयीनं पुढं केली… आता तुमाला काय सांगू, ताटं घर भरून हायती ओ. वाढणारी तेवढी न्हाई.