मोझेलचं नशीब

हॅलो?… कोण?… अगं मोझेल, तू होय. थांब, टीव्ही बारीक करते… हां, बोल आता. वीडाच बोलतेय. माझा नवरा, हॅरल्ड, गेल्यापासून या घरात फोन उचलायला दुसरं कोण आहे?

हो, निरोप मीच ठेवला होता तुझ्या पोरीकडे. काय सांगितलं तिनं?… बरोबर. शनिवारी आपल्या जुन्या मंडळाची मासेमारीची स्पर्धा आहे, आणि चिठ्ठीत तुझी नि माझी जोडी निघालीय. एका होडीत, तू नि मी… यात हसण्यासारखं काय आहे?

दरवर्षीसारखंच गं. कॉफीच्या डब्यात नावं टाकली, डबा हलवला, डोळे मिटून हात घातला. आलीस तू माझ्या वाट्याला. मला तरी कुठं हौस आहे दिवसभर तुझी बडबड ऐकायची…

काय?… येणार नाही म्हणजे?… अगं ऐक ना. ऐक तर आधी. अमारिलोहून विमान, शुक्रवारी दुपारी श्रीव्हपोर्टला उतरायचं. मी पिकअप ट्रक घेऊन उभी असेन. घरी आल्यावर तळलेला कॅटफिश, मक्याची भजी, बर्फ घातलेला गोड चहा. पाणी तापलंय इथं. बास मासे अंडी घालायला पार काठाशी आलेत. काल माझ्याच धक्क्याखाली एक होता, हा एवढा… बरं बाई, फोनवर दिसत नाही, पण होता एवढा.

हात?… कोणता, उजवा?… अजून थरथरतो?… कपसुद्धा धरवत नाही म्हणतेस… हं… नाही, ऐकतेय ना मी. बोल.

गळ टाकता येणार नाही. बरं… पण मला एक सांग, गळ टाकून तू मासा पकडलास कधी?… चिडतेस कशाला? टोलेडो बेंड तळ्यावरची पहिली स्पर्धा आठव. पंच्याऐंशी साल… हो, तीच. नाही, आज मी सांगणार, तू ऐकायचंस. तू सांगतेस तेव्हा मासा दरवर्षी दोन पौंडांनी वाढतो.

आपली ओळख ना पाळख. चिठ्ठीत तुझं नाव निघालं नि सकाळी धक्क्यावर बघते तर ही बाई. डोक्यावर फुलाफुलांची टोपी, काखेत सँडविचचा डबा. म्हटलं, लागला आपला निकाल. मी तळ्याचा तळ चाचपून ठेवलेला, धरणाच्या पाण्यात बुडालेला जुना रस्ता कुठं वळतो, खोडं कुठं उभी आहेत, सगळं तोंडपाठ. पण होडी एक, बायका दोन, आणि दोघी एकमेकींविरुद्ध. मग कुणाच्या पसंतीच्या जागी जायचं? छापा-काटा. आणि जिंकलीस तू.

आणि नेलंस कुठं मला? पुलाखाली. जिथं होड्या पाण्यात सोडतात तिथून हाकेच्या अंतरावर. दिवसभर मोटारींचा धडधडाट वरून. का, तर तिथं सावली आहे म्हणे… नाही, तू 'सावली' म्हणालीस. माझ्या या कानांनी ऐकलंय. बारकी मासळी खांबाशी उड्या मारताना दिसली, म्हणजे खाली मोठा मासा असणार, हे तू जिंकल्यानंतर रचलंस…

बरं, दिसली असेल. पुढं ऐक. रबरी गांडूळ टाकलंस पाण्यात, गळाची काठी ठेवलीस पायाशी नि सँडविच उघडलंस. दोन घास खाल्ले नसशील, काठी निघाली होडीबाहेर. तू सँडविच तोंडात धरून काठीवर झेप घेतलीस. नऊ पौंडांचा बास! जाळं कुणी घातलं त्याच्याखाली? मीच. माझ्या वाट्याला काय, तर बोटभर दोन पिल्लं. कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय.

आणि संध्याकाळी ते खोटं पकडायचं मशीन… हो ना, जिंकेल तिला बसवायचेच त्याच्यासमोर. तो गृहस्थ गंभीरपणे विचारतो, मासा तुम्ही स्वतः पकडलात का? आणि तू म्हणतेस, नक्की सांगता येणार नाही, मी जेवत होते… अगं, दाराबाहेर आम्ही बायका पोट धरून खाली बसलो होतो.

हस, हस. किती दिवसांनी ऐकलं तुझं हसणं.

मोटेलचं ते अंगण आठवतं? ओळीनं लावलेले ट्रक, केसांत रोलर अडकवून आपण गळाच्या रिळांना तेल पाजत बसलेल्या. आणि इनेझ त्या खांबावरच्या फोनवरून नवऱ्याला बटाटे उकडायला शिकवतेय. पाणी आधी की बटाटे आधी, एवढ्यावर रोज अर्धा तास… मला फार आठवतात गं ते दिवस. सकाळी दार उघडून तळ्याकडे बघते ना, तेव्हा सगळ्याजणी आठवतात.

काय?… इनेझ कुणाच्या जोडीला आहे?… ते… बाकीच्या जोड्या अजून…

वांडा? वांडाला तिच्या मुलानं नेलं डॅलसला. कंबर मोडल्यापासून ती कुठं होडीत चढतेय…

इनेझ… मोझेल, बसलीयेस का तू? बस आधी. खुर्ची घे… इनेझ गेली. फेब्रुवारीत. तू हॉस्पिटलात होतीस, पोर म्हणाली आत्ता आईला सांगू नका… हो. झोपेतच… हो गं. हो.

रड. रडून घे. आहे मी फोनवर.

हो… खरं आहे. डब्यात दोनच चिठ्ठ्या होत्या. तुझी नि माझी… नाही, वेडी नाही झाले. एकटीच बसले होते जेवणाच्या टेबलाशी. पण डबा हलवला मी. चांगला हलवला. चिठ्ठ्या काढल्याशिवाय जोडी लावायची नाही, हा नियम आपणच केलेला ना? मग.

एकटीनं?… एकटीनं होडी काढली तर ती स्पर्धा कसली? ते नुसतं मासे मारणं. ते काय, मी रोजच करते. कुणी हरवायला नाही, कुणी टोमणा मारायला नाही. मासा लागला तर 'नशीब, नशीब' म्हणून ओरडणारी कुणी नाही. मला नाही गं करमत. या वर्षी तू आली नाहीस तर संपलं आपलं मंडळ.

परत हातच?… आता नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. चाळीस वर्षं मी म्हणत आले, मोझेलचं सगळं नशीब. आणि तू म्हणत आलीस, नशीब नाही, माझा हात. बरोबर?… आता तुझं खरं धरलं, तर हात गेला नि तू संपलीस. पण माझं खरं धरलंस, तर तुझं काय बिघडलंय? हात थरथरतो, नशीब कुठं थरथरतंय? गांडूळ मी टाकून देते पाण्यात. तू काठी पायाशी ठेव नि सँडविच खा.

अगं, हसतेस की रडतेस? मला काही कळेना…

म्हणजे, नशीबच होतं का?… आता हे वदवून घेणार माझ्याकडून. नशीब एकदा येतं, बयो. तू पुढं नऊ वर्षं पहिल्या पाचांत होतीस. तुझ्यासारखा हात मी कुणाचा बघितला नाही. झालं समाधान? परत म्हणणार नाही. आणि पोरीलाही सांगायचं नाही.

मग येतेस ना?… ठरवता येत नाही म्हणजे?… छापा-काटा? यायचं की नाही, ते तू नाण्यावर ठरवणार?… नको गं, असं नको. मला नाही सोसायचं ते. ऐक ना, पोरीशी मी बोलते, डॉक्टरशी बोलते, हवं तर मीच अमारिलोला… बरं. बरं बाई. नाणं तर नाणं. छापा पडला तर येणार… आणि काटा पडला तर मी पुन्हा विचारणार नाही. शब्द दिला.

हं. उडव…

…

पडलं?… छापा?… इतक्यात?

नाही, मला पडल्याचा आवाज नाही आला गं, म्हणून… सतरंजी? स्वयंपाकघरात सतरंजी घातलीय?… हो, हो, असेल. घालतात हल्ली… छे, मी कुठं काय म्हणतेय? तू म्हणतेस छापा, म्हणजे छापाच.

बरं, ठेव आता फोन. ठेव गं… हो, शुक्रवारी, श्रीव्हपोर्टला. मला होडीची बॅटरी चार्जिंगला लावायचीय.