अक्काच्या गळ्यातलं हळकुंड

जयनगरच्या दवाखान्यात मी आईचा नंबर लावून बसले होते. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या, बोली निपाणीकडची.

"अक्का, गेल्या साली देवनहळ्ळीला छातीच्या तपासणीची गाडी आलती, तवा तू गेलतीस की."

"गेलते. दारातनं परत आले."

"का गं?"

"नर्सबाई म्हणाली, गळ्यातलं समदं काढा, फोटोत येतंय. नवरा जित्ता असताना मंगळसूत्र कसं काढू?"

"आपल्या आईचं तुटलं की ती दोऱ्यात हळकुंड ओवून बांधायची. तेवढ्यापुरतं तसं करायचं की!"

"तवा सुचलं न्हाई. मागं बायका खोळंबल्या हुत्या. म्हटलं, छातीत स्वल्प गाठ हाय, दुखत बी न्हाई, जाऊ दे."

"मला फोन तरी करायचा."

"असलं फोनवर कसं सांगू?"

"आन् दाजींना?"

"त्यांना तर मुळीच न्हाई. त्यांच्याच आयुष्यासाठी घातलेलं हुतं ते मंगळसूत्र."

"आता डॉक्टर काय म्हणतात?"

"गाठीचं दुखणं हाडात उतरलंय म्हणतात. आज परत फोटो काढणार हाईत."

"मग आज गळ्यातलं काढशील न्हवं?"

"काढलंय. हे बघ, हळकुंड. सकाळी ह्यांनीच बांधलं."

"दाजींनी?"

"मंगळसूत्र बी त्यांनीच उतरवलं. काल समदं सांगितलं त्यांना."

"रागावले?"

"न्हाई गं. दोरा बांधता बांधता म्हणाले, 'माझं आयुष्य एवढं जपलंस, आता ते एकट्यानं घेऊन काय करू?'"