स्ट्रॉबेरीची अढी

हसणार नसाल तर सांगते.

सुनेला सातवा महिना, डोहाळे स्ट्रॉबेरीचे. तिची आई, म्हंजे आमच्या इहीनबाई, अकोले तालुक्यातल्या. त्यांनी रानातल्या ताज्या स्ट्रॉबेरीचे दोन डबे पाठवले अन् फोनवर बजावलं, "परवा डोहाळजेवनाला येते. माझ्या हातानं लेकीला भरवीन. तवर जपा."

जपा म्हनल्यावर जिवाला घोरच लागला. त्यात फळं देठापाशी पांढरी. सून म्हनली, "आत्याबाई, फ्रीजात ठिवा." मी म्हनले, "कच्चं फळ कुनी गारठ्यात ठिवतं का? आजवर आंबे कुनी पिकवले, तू का मी?" आंब्याला घालतो तशी गवतात अढी घातली, वर गोधडी टाकली. दिवसातनं धा येळा जाऊन वास घ्यायची.

तिसऱ्या दिवशी गोधडी उचलली तर हाताला लाल चिखल. तेवढ्यात इहीनबाई दारात.

"कुठं हाय माझी स्ट्रॉबेरी?"

खोटं बोलायला जीभ वळंना. अढी दाखवली.

त्यांनी अढीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हनल्या, "बाळंतपनाला लेकीला आजच घिऊन जाते. इथं ऱ्हायली तर तिला बी अढीत घालाल."