वायफाय दिसतंय का, बाबा?

कुलवा : ...आणि आवाज? आवाज येतोय का लॅपटॉपमधून?

मलिमा : टुणकन वाजलं काहीतरी.

कुलवा : मग स्पीकर पास. पडदा पास, कीबोर्ड पास. आता वायफाय. वर उजव्या कोपऱ्यात बघा, मलिमाबाबा. उघडलेल्या पंख्यासारखं चित्र?

मलिमा : घड्याळ आहे. बॅटरी आहे. पंखा नाही.

कुलवा : नीट बघा.

मलिमा : पोरी, सरोवराचं पाणी बोटभर चढलं तरी मला खांबावर दिसतं. पंखा असता तर दिसला असता. ते ‘इन्स्टॉल’ दाबू का? एकदा आत गेलं की येईल सगळं.

कुलवा : दाबू नका! हात काढा तिथून. काढला?

मलिमा : काढला.

कुलवा : आत्ता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतंय. पाहुणा आहे, ओसरीवर बसलाय. तुमच्या मशीनमधल्या कुणाशी त्याचं पटतंय, कुणाशी नाही, ते बघून मगच घरात घ्यायचा. आत्ता दाबलंत तर जुनं सगळं पुसलं जाईल, आणि वायफाय नाहीच चाललं तर तुम्ही तिकडे बेटावर, मी इकडे म्वान्झा शहरात, माझ्या दुकानात. बोट कधी?

मलिमा : शुक्रवारी. वारा नसला तर.

कुलवा : बघा. आणि ऑफिसला पाण्याचे आकडे—

मलिमा : सोमवारपासून त्यांच्या नव्या पानावरच भरायचे. जुन्या विंडोजवर ते पान उघडायचं नाही, म्हणाले. फोनवर सांगितलेलं चालणार नाही म्हणे. साहेब म्हणाला, जमत नसेल तर खांबाला यंत्र लावतो, तुम्ही शहरात या, खोली देतो.

कुलवा : या की. आमच्या गल्लीत या. माझी जुळी बहीण डोटो दुकानाच्या दारात सांगारा मासे तळते, अख्खी गल्ली गोळा होते.

मलिमा : बायकोला घराच्या मागं पुरलंय. न्यांगेटाला काय सांगू, खोली मिळाली?

कुलवा : बरं, नका येऊ. वायफाय विंडोजमध्ये तरी चालायचं का?

मलिमा : चालायचं. टेकडीवरच्या दवाखान्याचं घेतो मी. पण दिवेलागणीला नेट जायचं. रोज. ऑफिसला तीनदा तक्रार केली. एक इंजिनीअर आला, दुपारभर बसला, म्हणाला सगळं ठीक आहे, आणि आमचे सुके डागा मासे खाऊन गेला. आणि मग न्यांगेटा गेली, त्याच वेळी हे कायमचंच बंद पडलं. मी म्हटलं, चला, हेही तिच्या माग—

(फोन तुटतो. थोड्या वेळाने कुलवाचा फोन एकदाच वाजून थांबतो. ती उलट लावते.)

कुलवा : बॅलन्स संपला ना? आधीच असं एका रिंगचं बीप द्यायचं. मी लावला असता.

मलिमा : सारखं सारखं बीप देणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन लोक उचलेनासे होतात.

कुलवा : पुरे. काळी खिडकी उघडली? मी सांगते तशी अक्षरं टाका... आता मोठं बटण. काय आलं?

मलिमा : थांब, चष्मा. वायरलेस लॅन. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड... येस.

कुलवा : अहो बाबा! कार्ड जिवंत आहे! लिनक्सला दिसतंय ते. कुणीतरी बाहेरून बंद केलंय. पुढच्या कडेला बोट फिरवा. छोटंसं सरकतं बटण लागेल.

मलिमा : कुणी करणार बंद? इथे मी आणि बगळे... हां. आहे काहीतरी.

कुलवा : कुठल्या बाजूला आहे?

मलिमा : याच्या एका टोकाला लाल ठिपका आहे. बटण दुसऱ्या टोकाला.

कुलवा : कंपनीचा असेल.

मलिमा : नखरंग आहे. न्यांगेटाचा. पुतणीच्या लग्नाला आणलेला, मग घरभर लावत सुटली होती. भांड्यांना, किल्ल्यांना.

कुलवा : म्हणजे त्या हे बटण—

मलिमा : मक्याची उगाली वाढली की हाका मारायची. मी आकड्यांत. मग नेट जायचं. मी दवाखान्याला शिव्या घालत उठायचो आणि तिच्याशेजारी चटईवर जाऊन बसायचो. ती म्हणायची, गेलं का पुन्हा? अरेरे. वर मासा माझ्याच ताटात वाढायची.

कुलवा : आणि सकाळी?

मलिमा : सकाळी चालू असायचं. मी खांबाकडे गेलो की करत असणार. त्या रात्री छातीत दुखायला लागलं तिच्या. सकाळी कोण करणार?

कुलवा : ...सरकवा बाबा. ठिपक्याकडे.

मलिमा : थांब जरा.

कुलवा : बरं.

मलिमा : तिनं बंद केलेलं आहे हे. तिचाच हात लागलाय शेवटचा.

कुलवा : बंद करायला ठिपका कशाला लागतो, बाबा? ठिपका चालूच्या बाजूला आहे. सकाळी चुकू नये म्हणून लावला असणार त्यांनी. घाई नाही. फोन माझा आहे.

मलिमा : सरकवलं.

कुलवा : आणि?

मलिमा : आला पंखा. दवाखान्याचं नावही आलं.

कुलवा : पासवर्ड टाका, ऑफिसचं पान उघडा. उघडलं?

मलिमा : उघडलं. वर माझं नाव आहे. खाली बेटाचं.

कुलवा : मग आता ‘इन्स्टॉल’. दाबा बिनधास्त... पट्टी पुढे सरकतेय?

मलिमा : सरकतेय. मुंगीसारखी.

कुलवा : अर्धा तास घेईल. तुम्हाला काही करायचं नाही. संपलं की बीप द्या. ठेवू मी?

मलिमा : ठेव. म्हणजे... तुझं गिऱ्हाईक असेल ना समोर?

कुलवा : आहेत दोघं.

मलिमा : तू त्यांचं कर. माझ्याशी बोलायचं नाही. फोन फक्त बाजूला ठेव, बंद न करता. पट्टी संपेपर्यंत.

कुलवा : ...डोटो, तो छताचा पंखा बंद कर गं जरा. बाबांना आपलं बोलणं ऐकू जात नसेल.