चपला काढून ऐकलेला रॉक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रहिवासी संघाच्या प्रमुख मृणालिनीताई, मुर्धा गावाहून मुद्दाम आलेले दशरथदादा, आजच्या सत्कारमूर्ती हौसाबाई, आणि जेसल पार्कमधल्या माझ्या समस्त शेजारी बंधुभगिनींनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलीय, तेव्हा माझ्या आवाजाला माईक लागत नाही. मागे पंख्याखाली ज्यांच्या गप्पा चालू आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

हौसाबाईंची ओळख कुणाला करून द्यायची? इथल्या निम्म्या घरांत कोणत्या दिवशी कोणती मासळी शिजणार हे एकतीस वर्षं ह्यांनी ठरवलं. मुर्ध्याहून बस, मग स्टेशनचा पूल, आणि डोक्यावर पाटी घेऊन सकाळी आपल्या गल्लीत हजर. आता गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून त्या धंदा थांबवतायत. हा झाला निरोप. पण सत्कार कशासाठी? तर मागच्या एप्रिलमधल्या आपल्या रॉक कॉन्सर्टसाठी! हसा, हसा. बाईंनी गिटारला आयुष्यात हात लावलेला नाही, पण त्या नसत्या तर आपला कार्यक्रम खाडीत गेला असता. मी अलंकारिक बोलत नाहीये.

त्याचं असं झालं. ह्यांचा नातू प्रणय गिटार वाजवतो. आपल्या बी विंगची हिना ड्रम वाजवते. आणि तिसऱ्या मजल्यावरचा अल्पेश गातो, म्हणजे तो त्याला गाणं म्हणतो. तिघांचा सराव आपल्या पार्किंगमध्ये चालायचा. त्याविरुद्ध पहिली लेखी तक्रार माझी. दुसरीही माझीच. शेवटी हिना माझ्या दारात येऊन म्हणाली, "सर, एकदा मोकळ्या जागेत नीट ऐका. सगळ्या लोकांना ऐकू द्या. नाही आवडलं तर आम्ही कायमचं बंद करतो."

मी म्हटलं, ठरलं!

आणि नियोजन म्हटलं की माझ्या अंगात येतं, हे माझी बायको सांगेल. तिघांना बाजूला सारून मीच कामाला लागलो. परीक्षा, लग्नाच्या तारखा, क्रिकेटच्या मॅच, सगळं अल्पेशकडून कॉम्प्युटरवर मांडून घेतलं. एप्रिलचा शेवटचा रविवार पक्का झाला. जागा मुर्ध्याची, जुन्या मिठागराची. जाऊन पाहिली तर जमीन सपाट आणि खडखडीत कोरडी. मी चुन्यानं स्टेज आखलं, बसायच्या रांगा आखल्या. पोस्टर लागली. चार दिवस उरले असताना मी बोंबील घेता घेता हौसाबाईंना ऐटीत तारीख सांगितली.

त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या दिशी आवस हाय."

मी म्हटलं, "अमावास्या तर असू दे की. आम्ही अंधश्रद्धा मानत नाही."

त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "अवो, अंधश्रद्धा कसली! उधान येल. तिथला बांध फुटलाय ना. दुपारला गुडघाभर पानी व्हतं तिथं. तुमचा समदा बाजा पव्हत जाल."

कार्यक्रम संध्याकाळी पाचचा, पण साऊंडचा टेम्पो सकाळी दहाला येणार होता. वायरी जमिनीवर, जनरेटर जमिनीवर. लोकहो, खिडकीतून खाडी दिसते म्हणून आपण पाहुण्यांना हात धरून गॅलरीत नेतो. आणि इतक्या वर्षांत आपल्यातल्या एकालाही भरतीची वेळ माहीत नाही? मला त्या क्षणी धरणी दुभंगावी असं वाटलं.

आता पुढचं कार्यक्रमपत्रिकेत नाही, पण सांगतो.

मुर्ध्यात पाणी न येणारी एकच मोठी उंच जागा होती, ती म्हणजे गावातल्या बायकांचं जवळा सुकवायचं खळं. एप्रिलअखेर म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस, एकही ऊन वाया घालवून चालत नाही. ते खळं एका दिवसासाठी मागायचं होतं, आणि मागायचं ते हौसाबाईंकडेच. माझं तोंड उघडेना. कारण बारा वर्षांपूर्वी आपल्या गेटवर एक नोटीस लागली होती. वासाचा त्रास होतो, सबब मासळीविक्रेत्यांनी गेटजवळ बसू नये. खाली सचिवाची सही. तेव्हा सचिव कोण होतं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. झाडाखालची जागा सोडून हौसाबाई रस्त्यापलीकडे, त्या विजेच्या डब्याशेजारी उन्हात बसायला लागल्या. ती नोटीस त्यांना वाचून दाखवली प्रणयनं. चौथीत होता तो.

तरी मी विचारलं. चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, "खला माझे एकलीचा न्हाय. बायांना इचारते." आणि अर्धी पाटी शिल्लक असताना उठून गेल्या.

रविवारी सकाळी अकरा घरच्या बायकांनी अर्धवट सुकलेला जवळा टोपल्यांत भरला, खळं झाडून दिलं. दुपारी साडेबाराला आम्ही बांधावर उभे होतो. माझ्या आखलेल्या स्टेजच्या जागी पाणी होतं आणि त्यात दोन बगळे फिरत होते. हिनानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

अट एकच होती. खळ्यात कुणी पायताण घालून जायचं नाही, तिथं खायचं सुकतं. म्हणून चारशे माणसांनी कडेला चपला काढल्या आणि अनवाणी बसून रॉक ऐकला. असा कॉन्सर्ट अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी चहाच्या वेळी भांडायला यावं. अल्पेशच्या आई पूर्वीबेन नाकाला अत्तराचा रुमाल लावून आल्या होत्या. दुसऱ्या गाण्याला तोच रुमाल त्या हवेत फिरवत होत्या. "मारो दीकरो छे!" असं गावातल्या बायकांना सांगत होत्या. आणि मी? तिसऱ्या गाण्याला माझा पाय हलायला लागला. हिनानं ते स्टेजवरून पाहिलं, आणि पोरीनं त्यानंतर जो ड्रम वाजवला! मला या तिघांचा इतका अभिमान वाटतो की माझ्या दोन्ही तक्रारी मी दुसऱ्याच दिवशी लेखी मागे घेतल्या. पोरं आता दर रविवारी वाजवतात, आणि मी खुर्ची घेऊन खाली जातो.

त्या वासात मी तीन तास बसलो. पहिली दहा मिनिटं जाणवला, पुढं विसरलो.

हौसाबाईंनी त्या अकरा घरांत काय सांगितलं असेल, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. मागच्या आठवड्यात दशरथदादांनी सांगितलं. बायका चिडल्या होत्या, नोटिशीची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. तेव्हा ह्या म्हणाल्या, "तीस वर्सं मी त्यांचे दारात बसले. एक दिस त्यांना आपले दारात बसू द्या."

दारात म्हणाल्या. रस्त्यापलीकडे नाही म्हणाल्या.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, दशरथदादा आणि त्या अकरा घरच्या भगिनी इथवर आल्या, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं तर पोटात घाला, असं शेवटी सभेला म्हणायची आपली रीत आहे. आज मी ते सभेला म्हणत नाही.

हौसाबाई, ती सही माझी होती. बारा उन्हाळे तुम्ही माझ्यामुळे उन्हात बसलात, आणि मी रोज समोरून जात होतो. मला माफ करा.

माईक त्यांच्याकडे द्या. कुणी टाळ्या वाजवू नका, त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू दे. मी इथंच उभा आहे.