हिराताईंचा अभिप्राय

बोईसरला अजून घरोघर टीव्ही नव्हते, तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या वाचनालयात कामाला होतो. एकदा एक नावाजलेले कादंबरीकार व्याख्यानाला आले. वाचकांतून कुणीतरी बोलावं म्हणून मी नवापूरच्या हिराताईंना उठवलं. मासळी विकून झाली की त्या पुस्तक बदलायला यायच्या.

"भुताचं पुस्तक वाचून हसू आलं," त्या म्हणाल्या. "रहस्यकथेतला खुनी मी आधीच वळखला. आनि सायब, तुमच्या कादंबरीतला नाखवा वादळात शीड चढवतो. आमी उतरवतो. तो तिथंच बुडाला असता!"

अध्यक्षांनी त्यांना खाली बसायची खूण केली.

लेखक उठून म्हणाले, "ताई, मी कधी होडीत बसलोच नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढच्या कादंबरीचं हस्तलिखित त्यांनी आधी नवापूरला धाडलं. हिराताईंनी ते चुका दाखवून दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा कळवलं, "आता बरोबर हाय. छापा."